बाळंतपणानंतरचें मौन
‘बाळबाळंतीण सुखरूप’ एवढ्या शब्दांत आपण प्रसूतीची हकीकत संपवितों. अनेकींची खरी व्यथा तेथूनच सुरू होते. मूत्राशय व गर्भाशय यांस खालून तोलून धरणारे स्नायू प्रसूतींत अतिशय ताणले जातात. मग खोकतांना लघवी सुटणें, अंग बाहेर येणें, पतिसहवास क्लेशकारक किंवा संवेदनाशून्य होणें, हीं दुखणीं मागें राहतात.

१९४८ सालीं लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनीं या स्नायूंच्या व्यायामाची पद्धति प्रसिद्ध केली. योनिमार्गांत बसणाऱ्या हवेच्या नळीस त्यांनीं दाबमापक जोडला. त्यामुळें स्त्रीला आपल्या स्नायूंचें बळ डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. अभ्यास दिवसांतून तीन वेळां, वीस-वीस मिनिटें करावयाचा. मूळ हेतु लघवीचा विकार शस्त्रक्रियेवांचून आवरावा, हा होता. परंतु शय्यासुखहि सुधारल्याचें स्त्रियांकडून कळूं लागलें, आणि १९५२ सालीं केगेल यांनीं त्या विषयावरहि लेख लिहिला.

व्यायाम म्हणजे सर्वांवर उतारा नव्हे. २००३ सालीं मिशिगन येथें चुंबकीय चित्रणानें तपासलेल्या पहिलटकरणींपैकीं पांचांतील एकीच्या स्नायूंस इजा झालेली दिसली. मूल न झालेल्या स्त्रियांत ती एकीसहि नव्हती. म्हणजे हें दुखणें मनाचा खेळ नव्हे.

यंत्रानें दाब मोजला, चित्रणानें इजा दाखविली. सुखदुःखाची वार्ता मात्र स्त्रियांच्याच मुखांतून आली. आपल्या घरांत ती कोणी विचारतें काय?