विहिरीवरची मोटर का जळते? आणि स्टार्टर असूनही शॉक का लागतो?

रात्रीचे दीड वाजलेत. शेतीची थ्री फेज लाईट आत्ताच आलीये. एका हातात बॅटरी, पायात चिखलाने भरलेली चप्पल आणि समोर पत्र्याच्या पेटीत स्टार्टर. हिरवं बटण दाबायचं, पाणी सुरू करायचं आणि बांधावर जायचं.

गावाकडे ज्यांची शेती आहे, त्यांच्या घरात कुणी ना कुणी हे रोज करतं. म्हणूनच दोन बातम्या आपण सतत ऐकतो. एक, ऐन भरणीच्या वेळी मोटर जळाली. दुसरी, मोटर चालू करायला गेलेला माणूस शॉक लागून गेला.

या दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. अनेकांना वाटतं, स्टार्टर बसवला म्हणजे काम झालं. पण स्टार्टर मोटरला वाचवतो, माणसाला नाही. हा फरक नीट समजून घेऊया.

कोणता डबा कुणाला वाचवतो?

मोटरच्या पेटीत साधारण तीन प्रकारचं संरक्षण असायला हवं.

१. फ्यूज किंवा एमसीबी: हा वायर वाचवतो. शॉर्ट सर्किट झालं तर लाईन तोडतो, म्हणजे आग लागत नाही.

२. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले: हा मोटर वाचवतो. मोटर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट घ्यायला लागली की थोड्या वेळाने ती बंद करतो.

३. आरसीसीबी, म्हणजे ज्याला आपल्याकडे बरेच जण ईएलसीबी म्हणतात: हा माणूस वाचवतो. जाणारा आणि परत येणारा करंट यात फरक पडला, म्हणजे करंट कुठूनतरी जमिनीत गळतोय, हे त्याला कळतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडतो.

अनेक शेतातल्या पेट्यांमध्ये पहिले दोन असतात, तिसरा नसतो.

अर्थिंग केलंय, मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. थोडं गणित करू.

समजा, मोटरच्या आतल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खराब झालं आणि एक फेज बॉडीला चिकटला. फेज आणि जमीन यांच्यात साधारण २३० व्होल्ट असतात. तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे असं धरा. उन्हाळ्यात कोरड्या मुरमाड जमिनीत तो याहून जास्तही असू शकतो. मग जमिनीत जाणारा करंट झाला २३० भागिले १०, म्हणजे जास्तीत जास्त २३ अँपिअर.

तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल, तर २३ अँपिअरवर तो लगेच पडत नाही. त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ मोटरची बॉडी, तिला जोडलेला लोखंडी पाईप आणि कधीकधी पत्र्याची पेटीसुद्धा जिवंत असते. ओल्या पायाने हात लावणाऱ्या माणसाच्या छातीतून काही दशांश सेकंद गेलेले ५०-१०० मिलिअँपिअरही हृदय बंद पाडू शकतात.

म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. गळणाऱ्या करंटला अर्थिंग वाट करून देतं आणि आरसीसीबी ती गळती ओळखून लाईन तोडतो. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ वायर जोडायच्या असतात, असा भारतातला विद्युत सुरक्षेचा नियमच आहे. एक तुटली तरी दुसरी राहावी, हा त्यामागचा विचार. बोअरच्या केसिंगला गुंडाळलेली तार किंवा मातीत खोचलेली सळई म्हणजे अर्थिंग नव्हे.

मग मोटर जळते कशाने?

एका शब्दात उत्तर: उष्णतेने. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा थर असतो. ठरलेल्या तापमानापेक्षा मोटर सतत १० अंशांनी जास्त तापली, तर या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. ही उष्णता वाढण्याची नेहमीची कारणं अशी:

एक फेज जाणं. डीपीवरचा एक फ्यूज उडाला किंवा एखादा जोड ढिला झाला की मोटर दोन फेजवर ओढत राहते. उरलेल्या दोन वायरमधला करंट साधारण १.७ पट होतो. मोटर बंद असताना फेज गेलेला असेल तर ती फिरतच नाही, नुसती घूं घूं करते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबणं म्हणजे मोटर हाताने जाळणं. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर मिळतो, तो लावाच.

कमी व्होल्टेज. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की मोटरची ओढण्याची ताकद जवळपास १९ टक्के घटते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. पाणी तेवढंच उचलायचं असल्याने मोटर जास्त करंट घेते. लांबवर बारीक वायर ओढली तरी हेच होतं.

वारंवार चालू-बंद. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते. लागोपाठ चार-पाच वेळा चालू केली तर वाइंडिंगला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

रिलेशी खेळ. रिले सारखा पडतो म्हणून त्याची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवणं, किंवा फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळणं. रिले पडतो, कारण काहीतरी बिघडलेलं असतं. कारण न शोधता रिले अडवला, तर रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला.

नेमप्लेट वाचायची कशी?

रिले कितीवर लावायचा, हे मोटरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ५ एचपीच्या मोटरवर साधारण असं दिसेल: ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, १४४० आरपीएम. यातले अँपिअर महत्त्वाचे. थेट चालू होणाऱ्या स्टार्टरमध्ये रिले याच आकड्यावर लावतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मात्र तो सहसा या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर असतो, कारण तिथे रिलेतून पूर्ण करंट जात नाही. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा करंट दाखवायला सांगा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि पट्टीवरच्या आकड्याच्या आत असायला हवेत.

नवी मोटर बसवताना काय पाहाल?

• पाया सिमेंटचा आणि समपातळीत हवा. बोल्ट ढिले असतील तर मोटर थरथरते आणि बेअरिंग जातं.
• वर छप्पर हवं, पण मागच्या पंख्याची जाळी मोकळी हवी. पोतं टाकून झाकलेली मोटर आतल्या आत भाजते.
• पंपाचा आणि मोटरचा शाफ्ट एका रेषेत हवा. पट्टा असेल तर तो फार ताणू नका.
• पंप उलटा फिरत असेल तर पाणी कमी येतं. तीनपैकी कोणतेही दोन फेज आपसात बदलले की दिशा सरळ होते. हे काम इलेक्ट्रिशियनला करू द्या.
• पेटी जमिनीपासून उंच, पावसाचं पाणी न शिरणारी आणि उभं राहण्याची जागा कोरडी हवी.

"लाईट गेलीये" म्हणजे मोटर बंद नाही

दुरुस्तीच्या वेळी होणारी सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लाईट गेलेली असते, म्हणून माणूस तारा उघडतो. तेवढ्यात लाईट येते.

साध्या स्टार्टरमध्ये लाईट गेली की आतली कॉइल सुटते आणि लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. ऑटो स्विच लावला की ती सोयच संपते. लाईट येताच सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर एकाच वेळी ताण येतो. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वारंवार करतं ते यामुळेच.

मोटरला हात लावण्याआधी एवढं करा:

१. स्टार्टर बंद करा, मग मेन स्विच बंद करा.
२. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. म्हणजे दुसरं कुणी येऊन मोटर चालू करू शकणार नाही.
३. कपॅसिटर असेल तर लाईन तोडल्यावरही त्यात काही काळ चार्ज असतो. थांबा, आणि तो उतरल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या.
४. तिन्ही फेज टेस्टरने तपासा. टेस्टर चालतोय ना, हे आधी चालू लाईनवर पाहून घ्या.
५. विहिरीत उतरायचं असेल तर हे सगळं केल्याशिवाय पाण्याला पायही लावू नका.

आणि डीपीचा फ्यूज बांधायला स्वतः चढू नका. तिथे वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट असतात. १९१२ वर तक्रार करा.

देखभाल किती आणि कधी?

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला नाही तर बदला. पंख्याची जाळी साफ करा, जोड घट्ट आहेत का पाहा. खरखर आवाज आला तर बेअरिंग दाखवा. ग्रीस मात्र भसाभसा भरू नका, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटर सुरू करण्याआधी मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या. ते १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटर आधी वाळवायची, मग चालवायची.

कुणाला शॉक लागलाच तर?

आधी लाईन तोडा. हाताने ओढायला जाऊ नका, नाहीतर दोघं अडकाल. मेन स्विच लांब असेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. श्वास चालू नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध जोरात दाब द्यायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

हे वाचताना तुम्ही पुण्या-मुंबईत असाल आणि गावाकडे वडील किंवा काका रात्री मोटर चालू करत असतील, तर आज एक फोन करा. त्यांना एकच विचारा: "पेटीत टेस्ट बटण असलेला स्विच आहे का?" उत्तर "नाही" आलं, तर पुढच्या वेळी गावी जाताना सोबत इलेक्ट्रिशियनला शेतावर घेऊन जा.