ख्रिस्ती दुष्काळसेवा, बुलढाणा जिल्हा

१८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातील अन्नान्नदशेत सापडलेल्या लोकांसाठी, विशेषतः अनाथ मुलांसाठी, ख्रिस्ती मिशनांनी केलेले काम आणि त्यामागची धर्मश्रद्धा. आजच्या बुलढाणा जिल्ह्यात या कामाचे मुख्य ठिकाण खामगाव होते. त्या वेळी खामगाव तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९०५ च्या फेररचनेत तो जळगाव (जामोद) तालुक्यासह बुलढाण्याला जोडण्यात आला.

भुकेल्याला अन्न देणे बायबलने दात्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. शेत अगदी बांधापर्यंत कापू नये, गळालेली कणसे उचलू नयेत, तो सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात (अध्याय १९) आहे. म्हणजे पिकातला गरिबाचा वाटा आधीच धरलेला असतो, तो त्याला उपकार म्हणून मिळत नाही. ज्वारीची सोंगणी झाल्यावर सरवा वेचणाऱ्या मजूर बाया ज्या मुलखाने पाहिल्या, तिथे ही आज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय २५) अंतिम न्यायाचे वर्णन येते. भुकेला, तहानेला, उघडावाघडा, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी जे केले ते आपल्यासाठीच केले, असे ख्रिस्त तेथे सांगतो. उपाशी माणसाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणारी श्रद्धा याकोबाच्या पत्रात निर्जीव ठरवली आहे. यांपैकी एकाही ठिकाणी भुकेल्याचा धर्म विचारलेला नाही, आणि पुढे धर्मांतरावरून झालेल्या सगळ्या वादाचा निवाडा याच कसोटीवर करावा लागतो.

कापसामुळे वऱ्हाड संपन्न समजला जाई. खामगावची कापूसपेठ एवढी मोठी होती, की १८७० मध्ये तिच्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा काढण्यात आला. मात्र कापसाचा पैसा सावकार, अडते आणि मोठे जमीनदार यांच्या हाती राही. भूमिहीन मजुराचे पोट निंदणी, सोंगणी आणि वेचणी यांच्या रोजावर चाले. १८९९ मध्ये पावसाने दगा दिला आणि ज्वारी, कडबा, कापूस तिन्ही गेले. रेल्वेने धान्य येऊ शकत होते, पण रोज बुडालेल्या माणसाजवळ ते विकत घ्यायला पैसा नव्हता. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली आणि ज्यांना काम झेपत नव्हते त्यांच्यासाठी अन्नछत्रे उघडली. उपासमारीपाठोपाठ पटकी आणि हगवणीची साथ आली. त्या वेळच्या (खामगाव नसलेल्या) बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४,८१,०२१ होती, ती १९०१ मध्ये ४,२३,६१६ भरली.

या भागात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही अमेरिकन संस्था काम करीत होती. ए. बी. सिम्पसन यांनी ती १८८७ मध्ये स्थापन केली. वऱ्हाडात मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर यांनी अकोल्याहून तिचे काम वाढवले. बुलढाणा, मलकापूर आणि खामगाव येथेही तिची ठाणी झाली. दुष्काळातील अनाथ मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला आश्रम चालवण्यात आला. मदत अमेरिकेतील साध्यासुध्या वर्गणीदारांकडून येई. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या आवाहनावरून १९०० मध्ये ‘क्विटो’ हे जहाज मका घेऊन मुंबईला आले, तेही याच लाटेत.

आश्रमांतील पहिले महिने सर्वांत कठीण असत. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला भाकरी पचत नाही, म्हणून पातळ पेज थोडी थोडी, पुन्हा पुन्हा पाजावी लागे. आश्रमात पोचूनही अनेक मुले दगावत. जी तगत, त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर दळण, स्वयंपाक, शिवण यांसारखी कामे शिकवली जात. मुलींनी शिकावे ही कल्पनाच दुर्मीळ असलेल्या काळात या मुली अक्षरे गिरवू लागल्या, याचे मोल मोठे आहे.

मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवले जाई, आणि वाद तेथेच पेटला. बेवारस मूल शक्यतो त्याच्याच धर्माच्या लोकांकडे सोपवावे, असे सरकारी धोरण होते. तसे कोणी पुढे आले नाही, की मूल मिशनकडे जाई. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. मिशनच्या आश्रमांत हिंदू मुले ख्रिस्ती केली जातात, हा त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण उपाशी मुलाच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. मात्र त्या मुलांना त्या दिवशी दुसरे दार उघडे नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

१९५६ पर्यंत बुलढाणा मध्य प्रदेशात होता. १९५४ मध्ये तेथील सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली. तिने भेट दिलेल्या १४ जिल्ह्यांत बुलढाणाही होता. शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम यांचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर होतो, असा ठपका १९५६ च्या अहवालात ठेवण्यात आला. ख्रिस्ती संस्थांना तो मान्य झाला नाही.

पुढे परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि ख्रिस्ती मंडळ्या स्थानिक मराठी पाळकांच्या हाती आल्या. मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाला ज्वारी, तूर, भाजीपाला, कोंबड्या वेदीपुढे आणून त्यांचा लिलाव करण्याची प्रथा आहे. पैसा मंडळीच्या कामाला जातो. जिल्ह्यातील शेतीचे संकट मात्र संपले नाही. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील सहा जिल्हे घेण्यात आले, त्यांत बुलढाणा होता. राज्य सरकारने २०१५ मध्ये अशा १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलतीचे धान्य देणे सुरू केले, आणि २०२३ पासून त्याऐवजी खात्यात रोख रक्कम जमा होऊ लागली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांचा धान्यावरचा हक्क, लेवीय ग्रंथातील सरव्यासारखाच, मान्य केला आहे.