लोढणे, कोंडवाडा आणि चिप

'गळ्यात लोढणे अडकणे' हा वाक्प्रचार शिकवताना आपण 'नकोशी जबाबदारी' असा अर्थ सांगून पुढे जातो. पण लोढणे ही खरीखुरी वस्तू आहे. पळपुट्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका दोरीने लोंबता बांधतात. गुराला चरता येते, पण धावू लागले की ओंडका पुढच्या पायांवर आपटतो. जनावर हरवू नये म्हणून शोधलेले हे एक जुने, साधे साधन.

मुळशीसारख्या डोंगराळ, मुसळधार पावसाच्या तालुक्यात त्याची गरज चटकन पटते. धुके उतरले की हाकेच्या अंतरावरची म्हैसही दिसत नाही. तिथे डोळ्यांऐवजी कान कामी येतात, म्हणून गळ्यात घंटा. दाट झाडीत उंच स्वर पानांवर आदळून विखुरतात, खालचे स्वर अधिक दूर पोहोचतात. शिवाय प्रत्येक घंटेचा नाद निराळा, त्यामुळे गुराखी आपले गुरू न पाहताही ओळखतो.

हरवलेल्या जनावराबाबत मुळात दोन प्रश्न असतात: ते कुठे आहे, आणि ते कोणाचे आहे? घंटा पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्यासाठी तापल्या लोखंडाचा डाग देत किंवा कानाला खाच पाडत.

हे दोन्ही प्रश्न सरकारी दप्तरात आणले कोंडवाड्याने. १८५७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवण्याची सोय केली. तिथल्या नोंदवहीत जनावरांची संख्या, वर्णन, आणल्याची वेळ आणि धरणाऱ्याचे नाव लिहावे लागे. सात दिवसांत मालक आला नाही, तर पोलीस ठाण्यात सूचना लागे आणि जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटली जाई. आणखी सात दिवसांनी लिलाव.

व्यवस्था चोख होती, पण फुकट नव्हती. मूळ दर असे: हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाईला ४ आणे, शेळीला १ आणा. चाऱ्याचा खर्च वेगळा. हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याचे गुरू सापडूनही परत मिळेलच असे नव्हते. ज्या भागात चराईची जमीन आकसत गेली, तिथे ही टांगती तलवार अधिकच जाचक ठरली असणार. मुळशीत तर धरणाखाली शेतीबरोबर गुरांच्या चरणीही गेल्या. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहामागे हीच जमीन होती.

आज गाईम्हशींच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. कुत्र्यामांजरांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवता येते. तिला बॅटरी नसते. वाचक-यंत्राच्या रेडिओलहरींतून ऊर्जा मिळाली की ती आपला १५ अंकी क्रमांक सांगते. पुष्कळांना वाटते, चिपमुळे कुत्रा कुठे आहे ते कळते. तसे नाही. चिप म्हणजे नवा डाग, नवी घंटा नव्हे. शिवाय त्या क्रमांकासमोर मालकाचा चालू दूरध्वनी नोंदलेला नसेल, तर तिचा उपयोग नाही. ठिकाण सांगणारा पट्टा वेगळा. त्याला बॅटरी लागते आणि बहुधा मोबाइलची रेंजही, जी दऱ्याखोऱ्यांत दगा देते.

म्हणून सहलीला आणलेला कुत्रा फटाक्यांना घाबरून पळाला, तर यंत्रावर विसंबू नये. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक आधीच लिहिलेला असावा. पळाल्या जागेपासून लगेच शोध सुरू करावा, गुराख्यांना आणि दुकानदारांना छायाचित्र दाखवावे. दवंडीमागचे तत्त्व तेच होते: जनावर जिथे दिसण्याचा संभव, तिथल्याच लोकांना सांगणे. मांजर तर सहसा जवळच दडलेले असते. २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश ५०० मीटरच्या आतच मिळाली होती.

विद्यार्थ्यांना गावातला जुना कोंडवाडा शोधायला सांगा. आजोबा-आजींकडून घंटांचे आणि कानखाचांचे प्रकार टिपून घ्या, आणि प्रत्येक साधनापुढे लिहा: हे 'कुठे' सांगते, की 'कोणाचे'?