एक इंजिन की चार? जे. आर. डी. टाटांची दोन आकाशे

भारताचे पहिले जम्बो जेट १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात आले, तेव्हा कंपनीच्या अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटा होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, कराचीहून मुंबईला स्वतः विमान उडवत येण्यासाठी याच गृहस्थांनी निवड केली ती लाकडी सांगाड्याच्या, एका इंजिनाच्या ‘लेपर्ड मॉथ’ची. म्हाताऱ्या माणसाची हौस, असे म्हणून हा प्रसंग बहुधा उरकला जातो. पण ही आवड समजून घ्यायची, तर पन्नास वर्षे मागे जावे लागते.

१५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून आलेले टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत पोहोचत असे. तिथून पुढची जबाबदारी आता टाटांच्या नव्या सेवेकडे होती. सकाळी द्रिघ रोडच्या धावपट्टीवरून जे. आर. डीं.चे ‘पुस मॉथ’ निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा दाखवणारी कोणतीही यंत्रणा नाही. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. अहमदाबादला पेट्रोल भरण्यासाठी उतरावे लागले, तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी विमान जुहूला उतरले आणि पुढचे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले.

जुहूचा ‘विमानतळ’ म्हणजे समुद्रालगतची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्याला हलवायचा. तिथे येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान मिळे.

लहान विमानाचे सुख यातच होते. वाऱ्याने दिशा चुकवली तर हातातल्या दांड्यावर लगेच कळे. नदी, रेल्वेचा रूळ, किनारा हेच नकाशे. बालपणी फ्रान्समधील हार्देलो येथे जे. आर. डीं.नी हेच आकाश पाहिले होते. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ तिथे त्यांचे शेजारी होते.

मात्र या आवडीला त्यांनी व्यवसायाचे धोरण बनू दिले नाही, हे विशेष. पुस मॉथमध्ये पत्रे मावत, पत्रे लिहिणारी माणसे फारशी मावत नसत. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. भारतीय कंपनीच्या त्या पहिल्या लंडन-उड्डाणात जे. आर. डी. प्रवासी म्हणून बसले होते.

मोठ्या विमानात त्यांचे हात रिकामे असत. डोळे मात्र नव्हे. प्रवासात ते बारीकसारीक टिपणे काढत. चहा आणि कॉफी यांचा रंग ओळखू येत नाही, ही तक्रारसुद्धा त्यांत आढळते. १९३२ मध्ये किनाऱ्यावर खिळलेली नजर आता कपात उतरली होती. (या टिपणांनी कर्मचाऱ्यांची झोप उडत असणार, यात शंका नाही.)

१९७१ च्या त्या जम्बोचे नाव होते ‘सम्राट अशोक’. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली, पोटात शेकडो प्रवासी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून उड्डाण केल्यावर काही क्षणांतच ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि खाली काळाकुट्ट समुद्र. क्षितिज दिसतच नव्हते. क्षितिज दिवसाउजेडी डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या पुस मॉथच्या वैमानिकाला हा धोका इतक्या तीव्रतेने कधी जाणवला नसेल. अर्थात लहान विमाने सुरक्षित होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या काळात अपघातांची वानवा नव्हती. फरक एवढाच की, तिथे एका चुकीची किंमत एक-दोन जीव असे.

पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे. आर. डीं.ना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही पंचवीस वर्षे त्यांनी ही धुरा वाहिली होती. अपघात आणि हकालपट्टी, दोन्ही अवघ्या काही आठवड्यांत.

१९८२ चे उड्डाण या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मोठ्या विमानांचा कारभार सरकारच्या मर्जीने मिळाला होता आणि त्याच मर्जीने गेला. लहान विमान चालवण्याचा परवाना मात्र त्यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी स्वतः मिळवला होता, आणि त्यावरील क्रमांक होता १.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी लेपर्ड मॉथ कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. या वेळी तिथे चिखल नव्हता, पक्की धावपट्टी होती. विमानात, पन्नास वर्षांपूर्वीप्रमाणेच, टपाल होते.