विजेच्या मंडलातील बेशिस्त

पेणला एका साच्यातून काढलेल्या दोन गणेशमूर्ती सारख्याच निघतात. रोह्याच्या कुंडलिकेत मात्र दोन पानं शेजारी शेजारी सोडून पाहा, थोड्याच वेळात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पाण्याचे नियम तेच. आरंभीचा फरक केसाएवढा. शास्त्रज्ञ याला 'केऑस' म्हणतात.

विजेच्या मंडलातही हे घडते. १९२७ साली हॉलंडात व्हान डेर पोल आणि व्हान डेर मार्क यांना निऑन दिव्याच्या मंडलातून अनियमित खरखर ऐकू आली. त्यांनी ती गौण मानली!

पुढे १९८३ साली जपानच्या वासेदा विद्यापीठात लिऑन चुआ यांनी दोन कपॅसिटर, एक वेटोळे, एक साधा रोध आणि एक आडमुठा रोध, म्हणजे ओहमचा नियम न पाळणारा, असे मंडल कागदावर मांडले. मात्सुमोतो यांनी ते संगणकावर चालवले आणि बेशिस्त पडद्यावर उमटली. तारा मागाहून जुळल्या. तेव्हा संगणकावर शिकवणे म्हणजे नुसती नक्कल, असे शिक्षकांनी मानू नये.

आय.आय.टी. मुंबईचा 'ईसिम' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात हे मंडल मांडावे. कपॅसिटरवरचा आरंभीचा दाब एकदा ०.१ व्होल्ट, एकदा ०.१००१ द्यावा. दोन्ही आलेख आधी एकावर एक चालतात, मग फटकून जातात. संगणकही दशांश तोडतोच, म्हणून दूरचे आकडे खरे धरू नयेत. आकृतीचा घाट तेवढा पाहावा. साधा रोध हळूहळू वाढवला की तीच बेशिस्त पुन्हा ठेक्यावर येते. कुठे येते, ते मुलांनाच शोधू द्या.