घटना कुणी फाडली नव्हती

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. कॉलेजातली पंधरा-वीस पोरं होती. बोलता बोलता हिटलरचा विषय निघाला. एका पोरानं विचारलं, "दादा, हिटलरनं जर्मनीची घटना रद्द केली ती कोणत्या साली?" मी लगेच ठोकून दिलं, "१९३३." पोरानं वहीत लिहून घेतलं. रात्री घरी आलो, पुस्तकं काढली आणि तोंडात मारल्यासारखं झालं. हिटलरनं जर्मनीची घटना कधी रद्द केलीच नव्हती. १९१९ ची ती घटना नाझी राज्य बुडेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, कागदावर होती.

त्या पोराच्या वहीतली माझी चूक दुरुस्त करायची म्हणून हे लिहितोय. पण तेवढ्यासाठीच नाही. "घटनेला हात लावाल तर रस्त्यावर उतरू," असं आपण सभेसभेत म्हणतो. जर्मनीत घटना रद्द न करता काय काय करता आलं, ते आपल्याला ठाऊक पाहिजे.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. नोव्हेंबर १९१८ मध्ये खलाशी आणि कामगार उठले, कैसर हॉलंडला पळाला. वायमार गावात घटना समिती बसली आणि ऑगस्ट १९१९ मध्ये घटना अमलात आली. तिचं १०९ वं कलम आपण वाचलं पाहिजे. सर्व जर्मन कायद्यापुढे समान, आणि जन्मानं किंवा दर्जानं मिळणारे विशेषाधिकार नष्ट करावेत, असं त्यात होतं. बायांना मत होतं. ज्यू माणूस इतरांसारखाच नागरिक होता. बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा त्या देशात हीच घटना चालू होती.

मग खाली काय होतं? खाली सगळं जुनंच. न्यायाधीश कैसरच्या काळातले, लष्कराचे अधिकारी तेच, सचिवालयातले साहेब तेच. पूर्वेकडच्या बड्या जमीनदारांच्या जमिनी तशाच राहिल्या. क्रांतीतून सत्तेवर आलेले सोशल डेमोक्रॅट कामगारांना इतके भ्याले की त्यांना आवरायला त्यांनी जुन्या लष्करी टोळ्या हाताशी धरल्या. त्याच टोळ्यांनी जानेवारी १९१९ मध्ये रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लिब्क्नेश्ट यांचा खून केला.

कोर्टाचा न्याय बघा. १९१९ साली म्युनिकच्या सोव्हिएत सरकारचा पुढारी ऑयगेन लेविने याला देशद्रोही ठरवून गोळ्या घातल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरनं त्याच म्युनिकमध्ये बंड केलं. त्यात चार पोलीस मेले. त्याला शिक्षा झाली पाच वर्षांची, आणि वर्ष संपायच्या आत तो सुटला. तो तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक. कायद्यानं त्याला हद्दपार करायचं, तेही केलं नाही. घटना एकच, पण कुणाच्या डोक्यावर फुटायचं आणि कुणाला पाठीवर थोपटायचं हे खुर्चीतला माणूस ठरवत होता. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये जो कधी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलाय, त्याला हे समजावून सांगायला नको.

१९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत पावाच्या किमतीची राहिली नाही. पुढं जरा सावरलं. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं, १२ जागा. लोक त्यांना हसत होते. १९२९ साली अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला, जर्मनीतलं अमेरिकन कर्ज आटलं, गिरण्या-कारखाने बंद पडले. १९३२ च्या सुरुवातीला साठ लाख माणसं बेकार होती. १९३० मध्ये नाझींच्या जागा १०७ झाल्या आणि जुलै १९३२ मध्ये २३०.

घटनेत एक ४८ वं कलम होतं. सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षानं वटहुकूम काढावा, मूलभूत हक्क तहकूब करावेत. १९३० पासून सरकारला संसदेत बहुमत मिळेना, तेव्हा म्हातारा सेनापती हिंडेनबुर्ग याच कलमावर राज्य हाकू लागला. १९३२ साली संसदेनं फक्त पाच कायदे केले. वटहुकूम त्याच्या कित्येक पट निघाले. हिटलर येण्याआधीच लोकांना वटहुकमांची सवय झाली होती.

आता आपल्याला झोंबणारी गोष्ट. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींच्या जागा घटून १९६ झाल्या. सोशल डेमोक्रॅट १२१ आणि कम्युनिस्ट १०० मिळून २२१ होत होते. पण ते मिळाले नाहीत. मे १९२९ मध्ये सोशल डेमोक्रॅट पोलीसप्रमुखाच्या हुकमानं बर्लिनमध्ये गोळीबार झाला होता, तीसच्या वर माणसं मेली होती. ती जखम खरी होती. पण कम्युनिस्टांनी त्यावर सिद्धांत रचला की सोशल डेमोक्रॅट हेच खरे शत्रू, हे "सोशल फॅसिस्ट". दोन्हीकडची पोरं एकाच चाळीत राहायची, एकाच कारखान्यात खपायची आणि एकमेकांच्या सभा उधळायची. मार्च १९३३ मध्ये डाखाऊची छळछावणी उघडली, तेव्हा दोन्ही पक्षांची माणसं एकाच कुंपणात जाऊन पडली. आपले गट किती, ते मी इथं मोजत बसत नाही.

हिटलरनं सत्ता हिसकावली नाही, ती त्याला दिली. ३० जानेवारी १९३३ ला हिंडेनबुर्गनं त्याला चान्सेलर नेमलं. त्याला आपण वापरून घेऊ, असं जमीनदारांना आणि उद्योगपतींच्या दोस्तांना वाटत होतं. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली. दुसऱ्या दिवशी ४८ व्या कलमाखाली वटहुकूम निघाला. भाषण, सभा, वृत्तपत्रं, घराची झडती, अटक, सगळे हक्क तहकूब. ते पुन्हा कधी परत आले नाहीत. २३ मार्चला अधिकारदान कायदा आला: यापुढे सरकारच कायदे करील, ते घटनेविरुद्ध असले तरी चालतील. दोन तृतीयांश मतं हवी होती. कम्युनिस्टांचे ८१ निवडून आलेले सभासद तुरुंगात, नाहीतर परागंदा. सभागृहात गणवेशातले नाझी उभे. हो म्हणणारे ४४४, नाही म्हणणारे ९४, सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांचा ओटो वेल्स जिवाची पर्वा न करता विरोधात बोलला, ते विसरू नये. पण तोवर फार उशीर झाला होता. कायदा चार वर्षांचा होता. १९३७, १९३९ आणि १९४३ मध्ये रीतसर मुदतवाढ दिली. सगळं नियमानुसार.

७ एप्रिल १९३३ ला ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा झाला. १ मे ला कामगार दिनाची पगारी सुट्टी दिली आणि २ मे ला कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. १० मे ला पुस्तकं जाळली. जाळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी होते. शिकला म्हणजे माणूस सुधारला, असं मानणाऱ्यांनी ती होळी डोळ्यांपुढे आणावी. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूर्नबर्गचे कायदे आले. ज्यूचं नागरिकत्व गेलं. ज्यू आणि "जर्मन रक्ताचा" माणूस यांच्यात लग्न म्हणजे गुन्हा. बेटीबंदी! बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कमधल्या निबंधात सांगितलं होतं की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. जर्मनीनं तेच कायद्याच्या पुस्तकात घातलं. आणि १०९ वं कलम? ते होतं की तिथंच!

ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू होती. हरि विष्णू कामतांनी वायमारची आठवण करून दिली. ती कलमं मसुदा समितीनंच आणली होती, आणि ती मंजूर झाली. हे आपण लपवायचं कारण नाही. १९७५ साली ती वापरली गेली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की स्थानबद्ध माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं जगण्याचा हक्क त्यातून सोडवून घेतला. पण तो सोडवायला सरकार पाडावं लागलं, आणि ते लोकांनी मतानं पाडलं.

बाबासाहेबांना नुसत्या कागदाचा भरवसा नव्हता. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल. राजकारणात भक्ती शिरली की हुकूमशाही येते. आणि समाजात विषमता राहिली तर लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त होईल. हे २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आपण घटनेच्या प्रतीसारखं फ्रेम करून भिंतीला टांगलंय. खाली उतरवून वाचायला हवं.

पुढच्या अभ्यासवर्गात मी त्या पोराला त्याची वही मागणार आहे. १९३३ वर काट मारून लिहायला सांगणार आहे: रद्द केली नाही. आणि मग सगळ्यांना एक काम देणार आहे. आपल्या तालुक्यात पोलीस ठाणं, तहसील, कोर्ट, बँक, साखर कारखाना, कॉलेज, इथल्या खुर्च्यांवर कोण बसलंय आणि ते आपल्या माणसाशी कसं बोलतात, हे लिहून आणायचं. घटना शाबूत आहे की नाही, ते त्या यादीतून कळेल.

जय भीम.