नदीला विचारायचा चौथा प्रश्न

लहानपणी मकतबमध्ये वुज़ूचे मसले शिकवताना मौलवीसाहेब पाण्याच्या तीन खुणा सांगत : रंग, बू आणि मज़ा. घाण पडून यांपैकी एक जरी बदललं, तर वाहतं पाणीसुद्धा वुज़ूला चालत नाही. या तीन खुणा मला आजही तोंडपाठ आहेत.

नदीला चौथा प्रश्न विचारणाऱ्या एका अमेरिकन बाईंविषयी मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. त्यांचा प्रश्न होता : या पाण्यात राहतं कोण?

रूथ पॅट्रिक यांचा जन्म १९०७ चा. वडील पेशाने वकील, पण नाद डायटमचा. डायटम म्हणजे काचेसारखं कवच असलेलं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. लेक सात वर्षांची असताना त्यांनी तिला सूक्ष्मदर्शक दिला. १९३४ साली ती डॉक्टरेट झाली. तरी फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये पॅट्रिकबाईंनी कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं. पगार सुरू झाला तो १९४५ मध्ये.

कोणते जीव घाण पाण्यात तग धरतात, याच्या याद्या कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केल्या होत्या. पॅट्रिकबाई त्यापुढे गेल्या. एकट्या साक्षीदारावर विसंबू नका, सगळ्या मोहल्ल्याला विचारा, असंच जणू त्यांचं म्हणणं होतं. १९४८ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीवर गेल्या, सोबत शेवाळ, कीटक, मासे, जिवाणू आणि रसायनांचे जाणकार. निष्कर्ष साधा निघाला. निरोगी नदीत जाती पुष्कळ असतात आणि प्रत्येकीची संख्या बेताची. प्रदूषण वाढलं की नाजूक जाती जातात आणि उरलेल्या मोजक्या जाती बेसुमार वाढतात.

याचं महत्त्व मोठं आहे. बाटलीत भरलेलं पाणी त्या घडीचं सांगतं. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळी ती वाहून गेली, तर दुपारची बाटली निर्दोष ठरेल. पण तळातल्या दगडाला चिकटलेली अळी पळून जाऊ शकत नाही. महिनोन्‌महिने सोसलेलं तिच्या असण्या-नसण्यात नोंदलं जातं. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात रासायनिक आणि भौतिक शुद्धतेच्या जोडीला ‘जैविक’ हा शब्द आला, त्यामागे अशा संशोधनाची पुण्याई आहे. पॅट्रिकबाई २०१३ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी गेल्या.

मध्यंतरी मालेगावात मोसम नदीच्या पुलावरून जाताना माझ्या एका विद्यार्थिनीने नाकाला ओढणी लावून विचारलं, “टीचर, ही नदी मेली का?” मी म्हटलं, “बेटा, वासावरून फैसला करू नकोस. खाली कोण-कोण जगतंय, ते आधी मोजायला हवं.”

ती लगेच म्हणाली, “मग ते मोजायचं काम मुली करतात का?”

मी तिला सात वर्षांच्या रूथची आणि तिच्या अब्बांची गोष्ट सांगितली. आता वाटतं, ही गोष्ट मुलींच्या आधी त्यांच्या अब्बांना सांगायला हवी.